फोर्कलिफ्टच्या आसनावरून

१९७०च्या सुमारास, ऐन विशीत, मुंबईच्या गोदीत फोर्कलिफ्ट चालवू लागलेले कामगार आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणींतून प्रथम जाणवतो तो कसबाचा अभिमान. हे वाहन मागच्या चाकांनी वळते. पुढचे सुळे मालाच्या फळीखाली शिरत असताना मागचा भाग बाजूला फेकला जातो, आणि तिथे कोण उभे आहे हे पाठीला डोळे असल्यागत कळावे लागते. माल उंच असला की समोरचे दिसत नाही. मग मान मागे वळवून गाडी उलटी हाकायची. ३ टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचेच वजन ४ टनांहून अधिक. ती कलंडू लागली की उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणाराच तिच्या छपराखाली चिरडला जातो. आसन घट्ट धरून बसून राहावे, हा देहाच्या स्वभावाविरुद्धचा धडा कित्येकांना वर्गात नव्हे, सोबत्याच्या अपघातातून मिळाला.

परंतु या अभिमानाला एक संकोच चिकटलेला आहे. क्विंटलभर वजनाचे पोते पाठीवर घेणारी टोळी त्याच धक्क्यावर काम करीत होती, आणि तिच्या कित्येक खेपांचा माल हे यंत्र एका खेपेत नेत होते. यंत्राने माणसाची पाठ मोकळी केली हे नाकारणे ढोंगीपणाचे होईल. ओझ्याचे गोडवे बहुधा ते कधी न वाहिलेल्यांनीच गायिले आहेत. प्रश्न वेगळाच होता: वाचलेल्या श्रमाचा धनी कोण?

गोदीत या प्रश्नाला काही उत्तर मिळू शकले, कारण तिथे संघटना होती. पी. डिमेलो यांच्यासारख्यांनी मुकादमाच्या मर्जीवर जगणाऱ्या रोजंदारांना एकत्र आणले. १९४८च्या गोदी कामगार कायद्यामुळे नोंदणी, पाळीने काम आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचा मोबदला यांची वाट खुली झाली. १९६९च्या माथाडी कायद्याने तेच तत्त्व बाजारपेठांतील हमालांपर्यंत नेले. पुढे कंटेनर आले, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजविल्या गेल्या. टोळीचे काम फोर्कलिफ्टने घेतले होते. फोर्कलिफ्टवाल्याचे बरेचसे काम कंटेनरने घेतले. तरीही हा बदल निदान वाटाघाटीच्या मेजावरून गेला.

आज भिवंडीच्या गोदामांत तीच गाडी, तेच मागचे चाक, तोच मानेचा पीळ आहे. मेज मात्र नाही. चालक पुष्कळदा कंत्राटदाराचा माणूस असतो आणि कंत्राटाबरोबर बदलतो. कायद्याच्या नावात ‘हमाल’ आणि ‘श्रमजीवी’ असल्याने, यंत्र माल उचलते तिथे माथाडी उरतोच कुठे, असा युक्तिवाद मालकवर्ग करतो. जणू यंत्र स्वतःच आसनावर बसते! माल हलविणाऱ्या प्रत्येकाची, त्याच्या हातात हूक असो वा चक्र, नोंद झालीच पाहिजे, ही मागणी आता गोदामांच्या दारांत नेली पाहिजे. गोदीतले जुने चालक अद्याप हयात आहेत. त्यांना बरोबर घेऊन कार्यकर्त्यांनी तिथे जावे आणि आसनावरच्या पोराला प्रथम एवढेच विचारावे, की गाडी कलंडली तर काय करायचे हे त्याला कोणी सांगितले आहे काय.