ओट्यावरची बाग : घेण्यापूर्वी थोडा हिशेब

कोथिंबिरीची जुडी निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तरी काही दिवसांत तिची पाने काळवंडू लागतात. पुदिना तर त्याहूनही लवकर मान टाकतो. चटणीपुरती पाने घेतली जातात आणि उरलेली जुडी ओल्या कचऱ्यात जाते. अशा वेळी स्वयंपाकाच्या ओट्यावर मावणारा, मातीविना पाण्यात रोपे वाढवणारा हायड्रोपोनिक संच मोहात पाडतो, यात नवल नाही. परंतु हा संच घेताना आधी यंत्र पाहिले जाते आणि आपला स्वयंपाक नंतर आठवतो. मग अपेक्षाभंग होतो आणि काही हजारांची ती वस्तू माळ्यावर जाऊन बसते. आज हा क्रम उलटा करून पाहू.

रोपाला माती ही मुख्यतः आधारासाठी आणि क्षारांसाठी हवी असते. ते क्षार पाण्यात विरघळवून दिले, मुळांना हवा आणि पानांना उजेड मिळाला, तर रोप मातीविना वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये या पद्धतीसाठी ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला.

आता आपल्या गरजेकडे वळू. आठवडाभर एक टिपण ठेवा : कोणती पाने, किती आणि किती वेळा लागली? आपल्या घरी दोन-तीन दिवसांआड कोथिंबिरीची जुडी संपत असेल, तर सहा भोकांचा संच ती गरज भागवू शकणार नाही. कोथिंबीर उगवायलाच आठ-दहा दिवस घेते, कापणीला महिना-सव्वा महिना लागतो आणि उन्हाळ्यात ती लवकर तुऱ्यावर येते. याउलट पुदिना, पानओवा आणि सब्जाच्याच जातीची बेझिल ही रोपे शेंडे खुडले की पुन्हा फुटतात. चहात चार पाने, रायत्यात मूठभर, अशी थोडी पण रोजची गरज असणाऱ्या घराला हा संच उपयोगी पडतो. कढीपत्ता हे झाड आहे आणि गवती चहाचा बुंधा पसरतो. त्यांना गॅलरीतील कुंडीच योग्य. मेथी तर पसरट ताटलीतही कोवळी उगवून घेता येते. त्यासाठी यंत्राची गरज नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही हिशेब स्पष्ट असावा. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत ‘क’ जीवनसत्त्व साधारण पंचवीस मिलिग्रॅम असते; भाजीवर भुरभुरवलेल्या दहा ग्रॅममधून जेमतेम अडीच मिलिग्रॅम मिळते. त्यामुळे ही बाग पालेभाजीची जागा घेऊ शकत नाही. तिचा खरा लाभ चवीचा आहे. ताजा सुगंध हाताशी असला की मीठ थोडे कमी घालूनही पदार्थ रुचतो, आणि स्वतः लावलेल्या रोपाचे पान मुले सहसा नाकारत नाहीत.

एवढे ठरल्यावर संचाकडे पाहा. सर्वांत साधी पद्धत हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. यात पाणी स्थिर असते; ते कमी होत जाते तशी वरची मुळे मोकळ्या हवेत श्वास घेतात. पंप नाही, वीज नाही. मात्र पाच-सहा तास ऊन येणारी खिडकी हवी. दुसऱ्या प्रकारात छोटा पंप पाणी फिरवतो किंवा त्यात हवा सोडतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी हा प्रकार घेताना विचार करावा. तिसऱ्यात पंपाबरोबर एलईडी दिवाही असतो. खिडकी नसलेल्या किंवा अंधाऱ्या स्वयंपाकघराला हाच उपयोगाचा. वीस वॅटचा दिवा रोज सोळा तास चालला, तर महिन्याला सुमारे दहा युनिट वीज लागते. आपल्या दराने गुणून पाहावे. शिवाय हा दिवा शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यांना त्रास देणार नाही ना, तेही पाहावे.

दुकानात चार गोष्टी अवश्य तपासा. टाकी अपारदर्शक असावी. उजेड आत गेला की शेवाळ धरते. तोंड एवढे रुंद असावे की हात घालून टाकी घासता येईल. दिवा रोपाबरोबर वर सरकवता यावा. आणि बियांच्या कुप्या त्याच कंपनीच्या घ्याव्या लागतात, की साधे जाळीचे कप व स्पंज चालतात, हे विचारावे. पुढचा खर्च येथेच ठरतो. घरी आणल्यावर संच शेगडी आणि नळ या दोहोंपासून दूर ठेवावा. फोडणीची वाफ दिव्यावर व पानांवर चिकटते, आणि पाण्याशेजारी विजेची तार धोक्याची.

पाणी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. बोअरवेलचे पाणी जड असते, त्यात मुळातच क्षार अधिक. अशा ठिकाणी क्षार कमी केलेले पाणी वापरावे. खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन बाटल्यांतील दाट द्रावणे थेट एकमेकांत मिसळू नयेत. कॅल्शियमचा साका तळाशी बसतो. प्रत्येक द्रावण पाण्यात स्वतंत्रपणे ढवळावे. बाटल्यांवर नाव लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत हे द्रावण कधीही भरू नये. दर दोन आठवड्यांनी टाकी रिकामी करून धुवावी. जुने पाणी कुंड्यांना घालता येते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि मुळे कुजतात. मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि दुर्गंधीयुक्त दिसली तर ते रोप काढून टाकावे.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतात. म्हणून रिकामे भोक उघडे ठेवू नये, रोपाभोवतीची फट स्पंजने किंवा कापसाने बंद करावी. ज्या घराला आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाहणे जमणार नाही, त्याने हा संच घेऊ नये, हेच बरे.

खरेदीपूर्वी एक बिनखर्चाची परीक्षा करता येते. पुदिन्याच्या जुडीतील तीन-चार जून काड्या निवडा, खालची पाने काढा आणि काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्या खिडकीशी ठेवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि पेला घासून घ्या. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे दिसू लागतील. पाणी बदलण्याचे काम घरात कोणी केले, कोणाला आठवण राहिली आणि कोणाला त्याचा कंटाळा आला, हेही तोवर कळेल. पुढचा अंक हाती येईल तेव्हा त्या पेल्याकडे पाहून संच घ्यायचा की नाही, ते ठरवा. काड्यांना मुळे फुटलेली असतील, तर त्या कुंडीत लावायलाही हरकत नाही.