होकार कोणाचा, हुकूम कोणाचा

६ मे २०२४ रोजी हमासचे दोह्यातले नेते इस्माइल हनिये यांनी इजिप्त आणि कतारचा युद्धविराम प्रस्ताव मान्य असल्याचे कळवले. आपल्या मागण्यांपासून तो मसुदा फार दूर असल्याचे इस्रायलने लगेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रफाहची सीमाचौकी इस्रायली रणगाड्यांनी ताब्यात घेतली. मग खरा होकार कोणाचा, यावर वाद पेटला आणि दोन्हीकडच्या निवेदनांचा कीस निघाला. माझ्या मते अशा वेळी दोनच गोष्टी तपासाव्यात : हो म्हणणाऱ्याचा शब्द कोणाला बांधतो, आणि हो म्हटल्यावर फौजेला कोणता हुकूम गेला. सुरतेत राहणाऱ्याला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही.

मार्च १७७५ मध्ये पेशवेपदावर हक्क सांगणारे राघोबादादा आणि मुंबईकर इंग्रज यांचा तह सुरतेत झाला. साष्टी आणि वसई इंग्रजांना, त्या बदल्यात पेशवाईसाठी दादांना ईस्ट इंडिया कंपनीची फौज. पण १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टप्रमाणे अशा कराराला कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची संमती हवी होती आणि ती घेतलेलीच नव्हती. मे महिन्यात आडासच्या लढाईत माणसे मेली. त्यानंतर कलकत्त्याने हा तह नाकारून कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. दादांनी पेन्शन घेऊन कोपरगावी राहायचे, असे त्यात ठरले. दादांनी ते मानले नाही आणि मुंबईकरांनी त्यांना आश्रय देणे सोडले नाही. पुण्याने कंपनीशी तह केला असे म्हणायचे, तर नेमक्या कोणत्या कंपनीशी? दोह्यातल्या पुढाऱ्याचा होकार गाझाच्या भुयारातल्या सेनानीला बांधतो का, हा प्रश्न याच जातीचा आहे.

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली मुंबईची फौज मावळातल्या वडगावला कोंडली गेली. तह करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे इंग्रजांनी आधी सांगून पाहिले. मग अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार कुठून आणला, हा मराठ्यांचा उलट सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हते. अखेर इंग्रजांच्या बाजूने कार्नाकने सही केली, फार्मर आणि स्टुअर्ट ओलीस राहिले, बंगालहून फौज घेऊन येणाऱ्या गॉडर्डला थांबण्याचे पत्रही गेले. फौज सुरक्षित जागी पोहोचताच कार्नाकने ते पत्र फिरवले. फेब्रुवारी संपता संपता गॉडर्ड सुरतेत दाखल झाला, आणि जूनमध्ये मराठा सरदार महादजी शिंद्यांच्या पहाऱ्यातून निसटलेले दादाही तिथेच त्याच्याकडे आले. वडगावच्या तहाची खरी किंमत त्या दुसऱ्या पत्रात दिसते.

वेढ्यात अडकलेल्या माणसाची सही बंधनकारक कशी, असा आक्षेप घेतला जातो. तो हलका नाही. पण दबावाशिवाय झालेला युद्धविराम मला तरी आठवत नाही. आणि त्याच सहीवर इंग्रजांचे सैन्य जिवंत परतले. लाभ पदरात पाडून घेतल्यावर अधिकार नसल्याची आठवण होणे हा विश्वासघात आहे, आणि तो त्याच नावाने ओळखला पाहिजे. दुसरा आक्षेप पुण्याचे कारभारी नाना फडणीस यांच्यावरचा. १७ मे १७८२ रोजी हे युद्ध संपवणारा सालबाईचा तह ठरला, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने जूनमध्येच तो कायम केला; नानांनी मात्र इंग्रजांशी लढत असलेल्या हैदर अलीचा डिसेंबरमध्ये मृत्यू होईपर्यंत हात राखला आणि तहाची पूर्तता फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली. हे हिशेबी होते, यात शंका नाही. पण मान्यता रोखून धरणे आणि मान्यता देऊन मोडणे यांत मोठा फरक आहे. रोखून धरलेली मान्यता समोरच्याला दिसते. तिच्या भरवशावर कोणी शस्त्र खाली ठेवत नाही.

सालबाईचा तह वीस वर्षे टिकला. वसई पुण्याला परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे न्यायाचा वाटा अर्धामुर्धाच. तरी तो टिकला याचे एक कारण महादजी होते. दोन्ही बाजूंकडून तह पाळला जाईल याची हमी त्यांनी घेतली होती, आणि तह मोडला असता तर उत्तरेत उभा राहत असलेला त्यांचा स्वतःचा डाव विस्कटला असता. गाझाच्या मसुद्यांवर अमेरिका, कतार आणि इजिप्तची नावे हमीदार म्हणून येतात, तेव्हा त्यांना विचारण्याचा प्रश्न हाच आहे : करार मोडला, तर तुमचे काय जाईल?