हप्त्यांवरचा संसार आणि आपण

परदेशात नवा संसार थाटणे सोपे नाही. मायदेशातून ब्रिटनमध्ये आलेले कुटुंब पहिल्या काही महिन्यांतच घरभाडे, अनामत रक्कम, मुलांचे गणवेश आणि थंडीचे कपडे यांच्या खर्चाने जेरीस येते. त्यातच कपडे धुण्याचे यंत्र, फ्रिज, पलंग या वस्तूंची गरज असते. अशा वेळी ‘वस्तू आज न्या, पैसे दर आठवड्याला थोडे थोडे द्या’ ही दुकानदाराची हाक गोड वाटते. या हाकेला ओ देण्यापूर्वी आपल्या कुटुंबांनी दोन घटका थांबून हिशेब करावा, असे आम्हांस कळकळीने सांगावेसे वाटते.

भाडेखरेदी, म्हणजेच हायर पर्चेस, या व्यवहाराचे मर्म त्याच्या नावातच आहे. आधी भाडे आणि मग खरेदी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत आपण त्या वस्तूचे मालक नसतो, भाडेकरू असतो. येथील हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९५ साली एका पियानोच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. हप्त्यांनी घेतलेला पियानो घेणाऱ्याने गहाण टाकला होता; परंतु तो मूळ मालकाचाच ठरला. म्हणून हप्ते चालू असताना अशी वस्तू विकणे, नातलगास देऊन टाकणे किंवा मायदेशी परतताना सामानाबरोबर धाडणे आपल्या हक्कात बसत नाही. आपल्यातील अनेकांना याची कल्पनाही नसते.

आता हिशेब पाहू. चारशे पौंड रोख किमतीचे यंत्र आठवड्याला पाच पौंडांप्रमाणे तीन वर्षांच्या कराराने घेतले, असे धरू. १५६ आठवड्यांत ७८० पौंड जातात. पाच पौंड कोणालाही परवडतात. ७८० पौंडांचा आकडा मात्र करारावर सही करताना फारसे कोणी पाहत नाही. आणि हा व्यवहार बेकायदेशीरही नाही. घरगुती वस्तूंच्या अशा धंद्यावर १ एप्रिल २०१९ पासून जी मर्यादा आली, तिच्यानुसार उधारीचा आकार वस्तूच्या किमतीइतका घेता येतो. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही वस्तू दुपटीला पडू शकते. हेच पाच पौंड दर आठवड्याला बाजूला टाकले, तर ८० आठवड्यांत यंत्र रोखीने घरात येते.

या धंद्यातील एक मोठी साखळी म्हणजे ब्राइटहाउस. २०१७ साली तिला सुमारे २,४९,००० ग्राहकांना १ कोटी ४८ लाख पौंडांची भरपाई देणे भाग पडले आणि मार्च २०२० मध्ये ती प्रशासकांच्या हाती गेली. साखळी गेली, पण पद्धत शिल्लक आहे.

ज्यांनी करार आधीच केला आहे, त्यांनी घाबरून न जाता आपले हक्क जाणून घ्यावेत. एके काळी बहुतेक हप्ते फिटल्यावर एखादा हप्ता चुकताच दुकानदार वस्तू उचलून नेत आणि तीच पुन्हा दुसऱ्याला देत. मजूर पक्षाच्या खासदार एलन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने १९३८ चा भाडेखरेदी कायदा झाला आणि या लुबाडणुकीला प्रथम आळा बसला. आज १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट हे संरक्षण देतो. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा भरल्यावर न्यायालयाच्या हुकुमाविना वस्तू परत नेता येत नाही. नेलीच, तर करार संपतो आणि भरलेले सर्व पैसे परत मागता येतात. हुकूम नसताना आपल्या घरात शिरून वस्तू नेण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. मात्र दारात आलेल्या माणसाच्या दबावाखाली आपणच राजीखुशीने वस्तू सोपवली, तर हे संरक्षण गळून पडते. कागद न वाचता सही करू नये, ती यासाठी.

निम्मी रक्कम भरून झाल्यावर, मागची थकबाकी नसेल आणि वस्तू नीट सांभाळलेली असेल, तर लेखी कळवून ती परत करता येते व पुढील हप्त्यांतून सुटका होते. परंतु वरच्या उदाहरणात निम्मे म्हणजे ३९० पौंड. जवळजवळ यंत्राची संपूर्ण किंमत भरून हात मात्र रिकामे राहतात. कायदा बुडण्यापासून वाचवतो, पण गेलेला पैसा तो परत आणत नाही.

आमच्या मते खरी अडचण कायद्याच्या अज्ञानाहून खोल आहे. पाहुणे आले की घर भरलेले दिसावे, ‘परदेशात जाऊन काय कमावले’ या प्रश्नाला दिवाणखान्याने उत्तर द्यावे, या हौसेपायी हप्त्यावर हप्ता चढतो. कित्येक घरांत करारावर सही पतीची असते आणि हप्ता जातो पत्नीच्या पगारातून. तिला मात्र एकूण आकडा कोणी सांगितलेला नसतो. हप्ते थकले तर त्याची नोंद पतनोंदीत सहा वर्षे राहते आणि घरासाठी कर्ज मागायला जावे, तेव्हा नेमकी आडवी येते.

गिरणगावच्या चाळींत आपल्या वडीलधाऱ्यांनी पठाणी व्याजाचा चटका सोसला. तो सावकार निदान सावकार म्हणून ओळखू येत असे. आजचा सावकार हसून बोलतो आणि वस्तू घरपोच देतो, एवढाच फरक. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे, याचे आपण विस्मरण होऊ देऊ नये.

उपाय आपल्या हातचे आहेत. वापरलेल्या पण चांगल्या वस्तू ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्थांच्या दुकानांत मिळतात. कर्ज काढावेच लागले, तर परिसरातील क्रेडिट युनियनकडे आधी चौकशी करावी. आणि मुंबई-पुण्यात आपल्या आया-बहिणी चालवीत आल्या, ती भिशी येथेही चालू शकते. दहा कुटुंबांनी महिन्याला चाळीस पौंड काढले, तर दर महिन्याला एका घरात चारशे पौंडांचे यंत्र येईल. तेही बिनव्याजी आणि पहिल्या दिवसापासून आपल्या मालकीचे. नव्याने आलेल्या कुटुंबाचा क्रमांक पहिला लावावा. आपल्या संघटनेने या कामास याच वर्षी हात घालावा, अशी आमची नम्र सूचना आहे.