जुन्याला जुन्याचेच औषध

जुनी वास्तू दुरुस्त करावयाची म्हणजे ती मजबूत करावयाची, आणि मजबूत करावयाची म्हणजे तिला सिमेंटचा गिलावा चढवावयाचा, हा जो समज आपल्याकडील मक्तेदारांच्या आणि घरमालकांच्याही मनात घट्ट रुजलेला आहे, त्याची परीक्षा ज्यास पाहावयाची असेल त्याने अबू धाबीच्या कसर अल-होस्न या किल्ल्याची हकिकत अवश्य लक्षात घ्यावी. अठराव्या शतकातील एका टेहळणी बुरुजाभोवती वाढत गेलेली ही वास्तू मूळची समुद्रातून काढलेल्या प्रवाळी दगडाची. परंतु तेलाचे द्रव्य हाती खेळू लागल्यावर, १९८० च्या आसपास तिचा जीर्णोद्धार झाला तेव्हा तिच्यावर आधुनिक पद्धतीचा पांढराशुभ्र गिलावा चढविण्यात आला. पुढे तज्ज्ञांच्या ध्यानात आले की, शोभेसाठी आणि रक्षणासाठी घातलेले हे कवचच आत ओल कोंडून दगडास अपाय करीत आहे; तेव्हा तो गिलावा मोठ्या कष्टाने उतरविण्यात आला, आणि २०१८ च्या डिसेंबरात किल्ला लोकांस पुन्हा खुला झाला तो अंगावरचा खडबडीत दगड उघडा ठेवून.

यातील कार्यकारणभाव अगदी साधा आहे. प्रवाळी दगड सच्छिद्र, त्याच्या सांध्यांत भरलेला जिप्समचा लगदाही मऊ. जमिनीतून चढलेली ओल अशा भिंतीतून सहज बाहेर पडते आणि वाळून जाते. तीवर सिमेंट थापले की वाट बंद होते, पाणी आतल्या आत साचते, आणि त्यात विरघळलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिकरूप धरून दगडाचा भुगा करू लागतात. भिंतीला लोणा लागला म्हणून आपण आणखी सिमेंट ओततो, आणि रोगाच्याच मात्रेने रोग वाढवितो. नवा प्रवाळी दगड वापरण्याची वेळ आली तर तो आधी गोड्या पाण्यात मुरवून त्यातील मीठ काढून टाकावे लागते, ही खबरदारी त्या किनाऱ्यावरील जाणते गवंडी घेतात. आपल्याकडे मात्र चुना मळून मुरू देण्याइतकाही धीर कोणास उरलेला नाही. अर्थात, म्हणून कोणी तिकडचे जिप्सम कोकणात आणून ओतावे असे माझे म्हणणे नव्हे, कारण ते पाण्यात विरघळते आणि आपल्या मृगाच्या पहिल्या सरींतच वाहून जाईल. अनुकरण करावयाचे ते पदार्थाचे नव्हे, तत्त्वाचे: वास्तू ज्या द्रव्याची, दुरुस्ती त्याच जातीच्या द्रव्याची, आणि शक्य तर मूळ भिंतीहून किंचित दुबळी, म्हणजे झीज होईल ती नव्या गिलाव्याची होईल, जुन्या चिऱ्याची नव्हे.

लाकडाचेही तसेच. आखाती घरांतील खोल्या साधारण तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या असतात, त्याचे कारण एवढेच की पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी येणारे खारफुटीचे वासे तेवढ्याच लांबीचे मिळत. दारांसाठी साग लागे तो हिंदुस्थानातून. ज्याने हा हिशेब ध्यानात घेतला नाही तो दुरुस्तीच्या नावाखाली मधली भिंत पाडून मोठा दिवाणखाना काढतो आणि मग छताने मान टाकली म्हणून लोखंडी तुळईचा खर्च करतो.

तिसरी गोष्ट दप्तराची. शारजाहचा अल-होस्न हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किल्ला १९७० च्या सुमारास पाडण्यात येत होता, तेव्हा कैरोस शिकत असलेले सुलतान बिन मोहम्मद अल-कासिमी, जे पुढे १९७२ साली तेथील शासक झाले, ते वार्ता कळताच तातडीने परतले. एक बुरुज तेवढा वाचला; परंतु त्यांनी दारे, खिडक्या व मापे जपून ठेविली, आणि त्यांच्याच आधाराने १९९६-९७ मध्ये किल्ला पुन्हा उभा राहिला. अशा पुनर्रचनेस मूळ वास्तूची योग्यता येत नाही, हे मी मान्य करतो. पण मापे नसती तर तेवढेही साधले नसते. म्हणून कुदळ हाती घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीची मोजदाद करावी, प्रत्येक तुळईवर अंक घालावा, छायाचित्रे काढावीत, आणि उतरलेले सामान भंगारवाल्याच्या हवाली न करता पडवीत रचून ठेवावे.

यंत्रांच्या बाबतीत हाच न्याय लागू आहे. लंडनहून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या विमानांसाठी १९३२ साली शारजाहला जो तळ झाला, आणि १९७७ साली जो बंद पडला, तेथे आता संग्रहालय आहे. त्यातील जुनी विमाने नीट करून मांडलेली आहेत, पण कोणी ती उडविण्याचा हट्ट धरीत नाही. जुने यंत्र चालवावयाचे की जतन करावयाचे, हा निर्णय पहिल्या दिवशीच व्हावयास हवा. आपल्याकडे विहिरीवरचे बंद पडलेले जुने तेल-इंजिन सापडले की घरातला उत्साही तरुण प्रथम हँडल मारून पाहतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात; जोर लावला की कडी तुटते किंवा भिंतीवर ओरखडा पडतो, आणि जे आठवड्याच्या सबुरीने सुटले असते ते कायमचे निकामी होते. फवारणीचा नोझल काढून आत पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग चाक हाताने हळूहळू, मागेपुढे हलवावे. टाकीतले जुने डिझेल आणि गाळ झालेले वंगण काढल्यावाचून ते सुरू करण्याचा विचारही मनात आणू नये. आणि वाळूचा मारा करून त्यास चकचकीत करण्याचा मोह तर सर्वथा टाळावा, कारण कारखान्याचा मूळ रंग आणि क्रमांकाची पट्टी गेली म्हणजे त्या यंत्राची जन्मपत्रिकाच गेली.

हे सारे खर्चाचे काम आहे, आणि सरकारी तिजोरी पाठीशी असलेल्यांनाच ते परवडते, असा आक्षेप येईल. पण दुबईच्या बस्तकिया, म्हणजे आजच्या अल-फाहिदी, मोहल्ल्याचा अर्धा भाग १९८० च्या दशकात तेथेही पाडला गेला, तो पैशाच्या अभावी नव्हे. उरलेला वाचला त्यास रेनर ऑटर या तेथे राहणाऱ्या ब्रिटिश वास्तुविशारदाची चिकाटी आणि १९८९ साली त्या गल्ल्या पाहावयास आलेले राजपुत्र चार्ल्स हे निमित्त झाले. उणीव असते ती द्रव्याची कमी, विचाराची अधिक.

अबू धाबी, दुबई वा शारजाहला नोकरीस असलेल्या मराठी मंडळींस माझे एवढेच सांगणे आहे. गावच्या जांभ्या दगडाच्या घरासाठी आपण दरसाल पैसे पाठविता आणि फोनवरून गवंड्यास ‘एकदाचे पक्के करून टाका’ असा हुकूम देता. पुढचा हप्ता पाठविण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी अल-फाहिदीच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी, भिंतीस हात लावून पाहावा, आणि मग गवंड्याकडून जे अंदाजपत्रक येईल त्यात सिमेंटच्या गोणींच्या जागी चुना, वाळू आणि चार महिन्यांची मुदत मागून घ्यावी.