शरोंडा यांना क्षमेच्या गोष्टीत हरवू देऊ नका

17 जून 2015, बुधवार. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या शार्लस्टन शहरात 'मदर इमॅन्युएल' या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाची बैठक चालू होती. एकवीस वर्षांचा एक गोरा तरुण आत आला. अनोळखी असूनही लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. तो जवळपास तासभर बसला आणि मग पिस्तूल काढून त्याने नऊ जणांना ठार मारलं. कारण एकच, ते काळे होते. मारेकऱ्याचं नाव आम्ही इथे लिहिणार नाही. त्याची प्रसिद्धी पुरेशी झाली आहे.

मारल्या गेलेल्यांत एक होत्या शरोंडा कोलमन-सिंगल्टन. वय 45. तीन मुलांची आई, त्याच चर्चमधल्या धर्मोपदेशक, मुलींच्या धावण्याच्या संघाच्या प्रशिक्षक. आणि पोटापाण्याचं काम? गूस क्रीक हायस्कूलमध्ये स्पीच थेरपिस्ट.

शेवटची ओळख बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपली जाते. आम्हाला बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

घटनेच्या दुसऱ्याच दिवशी शरोंडा यांचा थोरला मुलगा ख्रिस पत्रकारांसमोर उभा राहिला. तो तेव्हा कॉलेजात बेसबॉल खेळत होता. द्वेषापेक्षा प्रेम बलवान असतं, असं तो म्हणाला. 19 जूनला आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला उद्देशून सांगितलं की आम्ही तुला क्षमा करतो. जगभरच्या माध्यमांना हे दृश्य फार आवडलं. नऊ माणसांच्या हत्येची बातमी पाहता पाहता 'क्षमेची थोर गोष्ट' झाली.

नातेवाइकांच्या क्षमेवर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याची आई गेली, त्याने कसं जगायचं ते त्याने ठरवावं. ख्रिसने धाकट्या भावंडांना सांभाळलं, 2017 साली तो शिकागो कब्स या नामांकित संघात निवडला गेला आणि आज तो गावोगावी जाऊन वंशद्वेषाविरुद्ध बोलतो. त्याच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा प्रश्न आहे तो टाळ्या वाजवणाऱ्यांना. सगळ्या नातेवाइकांनी क्षमा केली नव्हती. काहींनी आपला राग उघड बोलून दाखवला होता. तो राग पहिल्या पानावर का आला नाही? पीडिताने क्षमा केली की व्यवस्थेची सुटका होते, म्हणून! मग कोणी विचारत नाही की पार्श्वभूमी तपासणीत चूक होऊन त्या तरुणाला बंदूक मिळालीच कशी. ही चूक एफबीआयने नंतर मान्य केली. 2021 साली अमेरिकी सरकारने पीडितांशी 8 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड केली. मग कोणी हेही विचारत नाही की गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा झेंडा राज्याच्या विधानभवनासमोर इतकी वर्षं फडकत का होता. तो उतरायला 10 जुलै 2015 उजाडावं लागलं. नऊ मृतदेह पडल्यावर!

हे आपल्याला नवीन नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही मुलं मारली गेली. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या आपल्या लोकांना काय ऐकवलं गेलं? शांत राहा, भडकू नका. एवढ्यावर भागलं नाही, तेव्हा नक्षलवादाचा शिक्का मारून झाला. आणि न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं टिकली नाहीत. म्हणजे खून झाला हे मान्य, पण तो जातीमुळे झाला हे अमान्य. दुःख करा, पण कारणाचं नाव घेऊ नका.

कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध असून क्षमेवर आक्षेप घेता? वैराने वैर शमत नाही ही तथागतांचीच शिकवण आहे ना? आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे. पण अंगुलीमालाची कथा पूर्ण वाचा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती मुद्दाम घेतली आहे. अंगुलीमालाने आधी शस्त्र टाकलं, जगणं बदललं, मग संघात त्याला जागा मिळाली. शार्लस्टनच्या मारेकऱ्याने आपल्याला पश्चात्ताप नसल्याचं तुरुंगात लिहून ठेवलं. मनात वैर न ठेवणं वेगळं आणि न बदललेल्याला निर्दोष सोडणं वेगळं. पहिलं धम्म आहे. दुसऱ्याला आम्ही लाचारी म्हणतो.

आता शरोंडा यांच्या कामाकडे येऊ. स्पीच थेरपिस्ट काय करते? एखादं मूल बोलताना अडखळतं. एखाद्याला काही उच्चार जमत नाहीत. एखाद्याला ऐकू कमी येतं हे उशिरा कळलं, म्हणून बोलणं मागे पडलं. एखाद्याच्या डोक्यात सगळं असतं, पण वाक्य जुळत नाही. वर्ग हसतो, मग ते मूल हात वर करणं सोडतं, आणि हळूहळू सगळे त्याला 'ढ' समजू लागतात. अशा मुलासमोर बसून जीभ, ओठ, श्वास, शब्द, वाक्य असा एकेक टप्पा पार करायचा. महिनोन् महिने, न कंटाळता. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. फळ दिसतं ते मूल पहिल्यांदा वर्गात उत्तर देतं तेव्हा.

हे काम कुठे चाललं होतं तेही बघा. याच दक्षिण कॅरोलायनात 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. 1834 मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. याच चर्चच्या मंडळीतला डेन्मार्क व्हेसी हा सुतार 1822 साली गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून तीसहून अधिक साथीदारांसह फासावर गेला आणि चर्चची इमारत पाडली गेली. आपल्याकडे मनुस्मृतीने द्विजांना कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटायला सांगितलं. व्यवस्था तिथली असो वा इथली, तिला भीती वाटते ती बोलणाऱ्या माणसाची. म्हणून बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी पाक्षिक काढलं तेव्हा नाव ठेवलं 'मूकनायक'. जिच्या पूर्वजांना अक्षर बंद होतं, ती बाई सरकारी शाळेत बसून मुलांची वाचा मोकळी करत होती. आमच्या लेखी हे मूकनायकाच्या जातीचं काम आहे.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 साली दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. तेव्हा शरोंडा आपल्याला परक्या नाहीत.

वाचेच्या प्रश्नात आणखी एक मेख आहे. कोणतं बोलणं 'दोष' आणि कोणतं नुसतं 'वेगळं', हे ठरवतं कोण? शार्लस्टनच्या किनारपट्टीवर कृष्णवर्णीयांची गुल्ला ही स्वतंत्र भाषा आहे. काळ्या मुलांच्या घरच्या इंग्रजीला शाळा वर्षानुवर्षं अडाणी ठरवत आल्या. 1979 साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाने शाळेला बजावलं की मुलांची घरची भाषा लक्षात घेऊन शिकवा. 1983 साली स्पीच थेरपिस्टांच्या अमेरिकी संघटनेनेच जाहीर केलं की कोणतीही बोली हा वाचादोष नाही. आपल्याकडे 'पानी' म्हणणाऱ्या पोराला आजही वर्गात उभं करून 'पाणी' म्हणायला लावतात, आणि वर्ग हसतो. जो खरंच अडखळतो त्याला उपचार नाही. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला मात्र आजारी ठरवायचं. ही उलटी व्यवस्था जातीचीच आहे.

म्हणून 'समर्पित आई' या एका शब्दावर आम्ही थांबायला तयार नाही. त्या आई होत्याच, मोठ्या आई होत्या, मुलाकडे पाहिलं की कळतं. पण बाईचं कर्तृत्व मातृत्वात बुडवून टाकायची सवय आपल्याही चळवळीत आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण एखाद्या नर्सला, शिक्षिकेला, अंगणवाडी सेविकेला 'त्यागमूर्ती' म्हणतो आणि खाली बसतो. तिने तीस वर्षं नेमकं काय केलं, ते कोणी सांगत नाही. हमाली करत शिकलेल्या आणि पुढे नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरींचं काम आज किती तरुणांना सांगता येईल? त्यागाला हार घालता येतो. कामाचं तसं नाही, ते पुढे चालवावं लागतं. म्हणूनच त्याग आठवणं सोपं पडतं.

मग पुढे काय चालवायचं? अमेरिकेत शाळेत स्पीच थेरपिस्ट असते ती कोणाच्या दयेवर नाही. अपंग मुलांच्या पालकांनी लढून मिळवलेल्या 1975 च्या कायद्यामुळे. आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरामागे एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन श्रवणदोष आणि भाषाविकासातली दिरंगाई तपासायची असते. कागदावर बरंच आहे. ते वस्तीपर्यंत आणायचं काम कार्यकर्त्यांचं.

आपल्या वस्तीतल्या शाळेत हे पथक शेवटचं कधी आलं, ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील, तर विशेष शिक्षकाचा विषय ठरावात घ्यायला लावा. ज्या लेकराला गल्ली 'मुकं' म्हणते, त्याची कानाची तपासणी झाली आहे का ते पाहा. नसेल, तर त्याला जिल्हा रुग्णालयात न्या. बाकी भाषणं नंतर करू. समाजशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या क्षेत्राचंही शिक्षण घ्यावं. हे काम आपल्या घरची भाषा कळणाऱ्यांच्या हातात यायला हवं.

दरवर्षी 17 जूनला शार्लस्टनच्या नऊ जणांची आठवण निघेल आणि क्षमेची गोष्ट पुन्हा सांगितली जाईल. ती सांगणाऱ्यांना सांगू द्या. आपण त्या दिवशी एवढंच करू, न बोलणारं एक मूल शोधू आणि त्याच्या शाळेच्या दारात हक्काने उभे राहू.

जय भीम!