फॉरवर्डची सनद कुठे आहे?

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर आणि मुस्लिमांच्या मालमत्तेवर हल्ला केला. एक तरुण ठार झाला, अनेक जखमी झाले, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. निमित्त होतं सोशल मीडियावर फिरलेल्या आक्षेपार्ह मजकुराचं. त्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, साताऱ्यात असाच मजकूर एका मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून पसरला होता. पोलिसांच्या तपासात तो टाकणारा दुसराच तरुण निघाला. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशच्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी बेदम मारलं. त्यांनी एका मुलाला फक्त रस्ता विचारला होता.

मार खाणारे एकदा मुस्लिम होते, एकदा हिंदू साधू. पण दोन्हीकडे एकच प्रश्न कुणी विचारला नाही: हे तुला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी सांगितलं?

हा प्रश्न आपल्या उलेमांनी एक शास्त्र म्हणून उभा केला. आणि तो शांततेच्या काळात नाही, भांडणाच्या काळात उभा राहिला. इमाम इब्ने सीरीन (वफात हिजरी ११०) सांगत की सुरुवातीला लोक सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, विचारत नसत. फितना माजला, जो तो आपल्या गटाच्या सोयीची हदीस सांगू लागला, तेव्हा ‘नावं सांगा’ अशी मागणी सुरू झाली. साखळीतली एक कडी गायब असेल तर हदीस कमजोर. इमाम बुखारींची अट तर आणखी कडक: दोन रावी, म्हणजे कथन करणारे, एकाच काळात जगले एवढ्यावर भागत नाही, त्यांची भेट झाल्याचं सिद्ध व्हायला हवं. त्याही आधी, हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) एका हदीससाठी महिनाभराचा प्रवास करून शामला गेले, कारण ती ज्यांनी थेट प्रेषितांकडून (स.) ऐकली होती ते सहाबी तिथे राहत होते. आपल्याला पुढच्या गल्लीत फोन लावायचा कंटाळा येतो.

घरात नेहमी ऐकू येतं, ‘मामूंनी पाठवलंय, ते पाच वक्ताचे नमाजी आहेत, खोटं कशाला पाठवतील?’ उलेमांनी हे कधीच मान्य केलं नसतं. रावी नेक आहे का हे ते बघत, आणि त्याची स्मरणशक्ती, नोंद ठेवण्याची सवय वेगळी तपासत. इमाम मालिक यांनी मदिनेतल्या कितीतरी परहेजगार माणसांकडून हदीस घेतली नाही. त्यांच्या हाती खजिना सोपवता आला असता, पण हे त्यांचं काम नव्हतं. मिसरचे काझी इब्ने लहीआ मोठे आलिम, पण त्यांची पुस्तकं जळाल्यानंतरच्या त्यांच्या कथनाबद्दल मुहद्दिसांनी हात आखडता घेतला. बुखारींचे उस्ताद अली इब्नुल मदीनी यांनी तर स्वतःच्या वडिलांनाच कमजोर रावी ठरवलं. नात्याचा मुलाहिजा नाही. आपल्या फॅमिली ग्रुपवर असं कुणी केलं तर दोन ईद बोलणं बंद राहील!

आता व्हॉट्सअॅपकडे बघा. ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का २०१८ मध्ये आला. मुहद्दिसाच्या नजरेने वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मूळ रावीचं नाव गळलं आहे. आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ हे वाचून लोकांना उलट भरवसा वाटतो, एवढ्या जणांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार. इथेच फसगत आहे. उलेमांच्या लेखी मुतवातिर हदीस तीच, जी सुरुवातीपासून प्रत्येक पिढीत इतक्या लोकांनी सांगितली की त्यांनी मिळून खोटं रचणं अशक्य. एकाच माणसाने सुरू केलेली गोष्ट पुढे दहा हजारांनी सांगितली, तरी मुळाशी रावी एकच राहतो. स्क्रीनशॉटचंही तसंच. मूळ पोस्ट स्वतः कुणी पाहिली, हे शंभर जणांच्या गर्दीत बहुधा कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्याच्या अफवेचा मार आपण खातो, म्हणून आपल्याला ही शिस्त जास्त जवळची वाटायला हवी. मुलांच्या खात्याचा पासवर्ड मित्राला माहीत असेल तर तो आजच बदलायला लावा. खात्याचा गैरवापर झालाच, तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. नंतर ‘आमच्या मुलाने केलं नाही’ असं सांगताना तोच कागद कामी येतो.

पण आपले ग्रुप तरी स्वच्छ आहेत का? सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर तपासायचा हुकूम आहे, ती पाठ असलेले लोकही दरवर्षी एक मेसेज पाठवतात: रमजान येत असल्याची खबर जो सर्वात आधी देईल, त्याच्यावर जहन्नमची आग हराम. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत अशी कुठलीही हदीस नाही, उलेमांनी ती मनगढंत असल्याचं वारंवार सांगितलं आहे. तरी खाली ‘बुखारी शरीफ’ लिहिलेलं असतं. हदीस क्रमांक मात्र नसतो. पुढच्या वेळी पाठवणाऱ्याला तो क्रमांक तेवढा मागून बघा.