साठ दिवस जाळं वर ठेवू या



मिरग तोंडावर आला की आपल्याकडं एकच घाई सुरू होते. भालकी, औराद, बसवकल्याणपासून आळंद, चिंचोलीपर्यंत मिरगाला मासा खायचा म्हणजे खायचाच. पलीकडं तेलंगणात तर ही चाल आणखी मोठी. हैदराबादेत मिरगाला दम्याच्या औषधासाठी जिवंत मरळीची पिल्लं लागतात, आणि जेवणासाठी मोठी मरळ. व्यापाऱ्याचे फोन येतात, उचल घेतलेली असते, भाव चांगला असतो. जाळं जेवढं जास्त पडेल तेवढं बरं वाटतं. आणि नेमकं याच दिवसांत आपल्या धरणांतली मासळी अंड्यावर असते.

म्हणून आम्ही एक मत मांडतो आहोत. कुणाला पटेल, कुणाला राग येईल, पण बोललं पाहिजे. मिरगाचा बाजार करून घ्या. मात्र १० जून ते ८ ऑगस्ट असे साठ दिवस आपणच, आपल्या ठरावानं, जाळं वर ठेवू या. सरकारच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. आपल्याच राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. तिथल्या भावांनाही पोट आहे, हप्ते आहेत. तरी बोट किनाऱ्याला लागते.

हेच दिवस का? कटला, रोहू, मृगल हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नवं पाणी लागतं, वाहतं पाणी लागतं. पहिली आवक आली की मादी धरणातून उलटी वर चढते, जिथं नदी धरणात शिरते त्या तोंडाकडं. कारंजा धरणावर काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. बेन्नेथोरा, मुल्लामारी, अमरजा, कुठंही जा, हीच गोष्ट. आणि आपण काय करतो? त्याच तोंडाला आडवं जाळं लावतो. मासळी भरपूर लागते, कारण सगळी एकाच वाटेनं येते. पण ती वाट बाळंतपणाची असते.

मरळीचं तर त्याहून वाईट. मरळ गवतात, पानवेलीत जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर गोळा पाण्यावर हलताना दिसतो आणि खाली आई-बाप राखण करत असतात. ती राखण सोडून जात नाहीत, म्हणूनच ती गळाला पटकन लागतात. जोडी काढली की त्या पिल्लांना वाली राहत नाही. दुसरी मासळी, साप, बगळे, दोन दिवसांत गोळा साफ. आपण दोन मरळी विकल्या असं वाटतं. खरं म्हणजे तिथली पुढच्या दोन वर्षांची मरळ विकलेली असते.

यावर काही जण म्हणतात, खात्याकडून मत्स्यबीज सोडतात की, मग कशाला काळजी? बीज सोडतात, चांगलं आहे, सोडलंच पाहिजे. पण ते बहुतेक कटला, रोहू, मृगलचं असतं. मरळ, शिवडा, वाम, आपली देशी बारीक मासळी, हे सगळं पाण्यानं स्वतःच वाढवायचं असतं. दुसरं असं, की बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं सांगणं आहे की मोठ्या धरणात सोडायची बोटुकली १०० मिलिमीटरच्या आसपास तरी हवी. त्याहून बारीक बीज सोडलं तर ते शिकारी मासळीच्या पोटात जातं. आणि मोठी बोटुकली सोडली तरी आपण बारीक आसाचं जाळं ओढून तिला दोनशे ग्रॅमलाच काढणार असू, तर बीज सोडून फायदा कुणाचा?

साधा हिशेब करू. शंभर मासे दोनशे ग्रॅमचे काढले तर २० किलो झाले. तेच मासे किलोचे होऊ दिले, आणि समजा त्यातले निम्मे मेले किंवा दुसऱ्याच्या जाळ्यात गेले, तरी ५० किलो हातात येतात. वर मोठ्या मासळीला किलोमागं भावही जास्त. हे समजायला शाळा शिकलेली लागत नाही. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांना विचारा, बारीक मासळीची पाटी संध्याकाळी कशी विकावी लागते ते.

असं कुठं झालंय का, असं विचारणाऱ्यांसाठी एक लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत उत्तरेला मिनेसोटा राज्यात रेड लेक नावाचं फार मोठं तळं आहे. हिवाळ्यात ते वरून गोठतं. त्यात वॉलआय नावाचा मासा मिळतो. आपल्या मरळीसारखाच शिकारी आणि चवीला नावाजलेला. तळ्याचा बहुतेक भाग तिथल्या ओजिब्वे आदिवासींच्या ताब्यात, आणि त्यांची मच्छीमारांची सहकारी संस्था आपल्यासारखीच. वर्षानुवर्षं जाळी जास्त पडली, चोरून विक्रीही झाली, आणि १९९० नंतर मासाच लागेना. १९९७ साली तिथल्या संस्थेनं स्वतः मत घेऊन व्यापारासाठी जाळं टाकणं थांबवलं. पुढं घरच्या खाण्यासाठी धरणंही थांबलं. तळ्याचा थोडा भाग राज्य सरकारकडं आहे. १९९९ ला सरकारनंही करार केला आणि त्या बाजूला वॉलआय धरणं बंद केलं. वरून कोट्यवधी पिल्लं सोडली. २००६ साली तळं पुन्हा उघडलं, तेही आधी जाळ्यानं नाही, गळानं.

म्हणजे नऊ वर्षं. आपण साठ दिवसांबद्दल बोलतो आहोत. तिथं तळं रिकामं झाल्यावर शहाणपण आलं. आपल्याकडं अजून मासळी आहे.

आता खरा प्रश्न. साठ दिवस चूल कशी पेटणार? जून-जुलै म्हणजे पोरांच्या शाळेचा खर्च, वह्या-पुस्तकं, होडीचा हप्ता. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळातल्या तीन महिन्यांसाठी मच्छीमार कुटुंबाला ४,५०० रुपये धरले आहेत. त्यातले १,५०० आपण आधी भरायचे, ३,००० सरकारचे. ही सोय समुद्राबरोबर गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांनाही आहे. पण महिन्याला दीड हजारात घर चालत नाही, हे आम्हालाही कळतं. तरी जे आहे ते सोडायचं कशाला? संस्थेनं एकूण एक सभासदाचा अर्ज भरून घ्यावा. २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. व्यापाऱ्याची उचल घेऊन त्याच्याच भावानं मासळी घालण्यापेक्षा बँकेचं व्याज परवडतं. आणि संस्थेनं दर किलोमागं थोडी रक्कम आठ-नऊ महिने बाजूला काढावी, ती जूनमध्ये सभासदालाच परत द्यावी. पहिल्या वर्षी ही रक्कम लहानच असेल. म्हणून पहिल्या वर्षी निदान नदीच्या तोंडाची जागा पूर्ण बंद ठेवू, बाकी धरणात फक्त मोठ्या आसाचं जाळं. पुढच्या वर्षापासून पूर्ण साठ दिवस. होडीमालकांनीही या दिवसांत गड्यांकडून जुनी उचल वसूल करायचा तगादा लावू नये. होडीची डागडुजी, जाळी विणणं हे काम याच दिवसांत काढावं.

दुसरी शंका, आपण थांबलो आणि बाहेरचे येऊन धरून नेले तर? ही भीती खोटी नाही. पण आज बाहेरच्याला आपण कोणत्या तोंडानं अडवणार? आपलंच जाळं तिथं लागलेलं असतं. आपलं जाळं वर असेल तर पाण्यात दिसणारं प्रत्येक जाळं चोराचं, हे लांबूनही कळतं. पाळी लावून राखण ठेवता येते. आणि सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तो गुन्हा करणारा आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला निघाला तरी संस्थेनं पाठीशी घालू नये.

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवत असेल. मांजरेच्या खोऱ्यातलेच आपण. असं साल पुन्हा येणार. पाणी आटून डोहात येतं तेव्हा उरलेली थोडी मोठी मासळी हेच पुढचं बियाणं असतं. शेतकरी उपाशी राहतो पण बियाण्याचं पोतं फोडत नाही. आपण मात्र दर पावसाळ्यात तेच पोतं फोडून खातो.

तर येत्या सर्वसाधारण सभेत या चार गोष्टींवर मत घ्यावं. एक, १० जून ते ८ ऑगस्ट जाळं बंद, आणि पहिल्या वर्षी निदान नदीच्या तोंडाला. दोन, बारीक आसाचं ओढजाळं वर्षभर बंद. तीन, पिल्लांवर असलेली मरळ धरायची नाही, चुकून लागली तर जिवंत सोडायची. चार, मोडणाऱ्याला दंड, मग तो संचालक असो की साधा सभासद.

सभेला घरातल्या बायकांनाही आणा. मासळी विकतात त्या, घर चालवतात त्या, आणि मत फक्त पुरुषांनी द्यायचं हे बरं नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर जरूर यावं. त्यांच्या घरचा हिशेब काय म्हणतो तोही सगळ्यांसमोर मांडावा. ठराव एका मतानं पडला तरी चालेल, पण या वेळी चर्चा न होता मिरग जाऊ नये.